रास्पबेरी पाय ४ वर आठ महिने चाललेला ड्रायव्हर पाय ५ वर पहिल्याच मिनिटाला ऊप्स देतो

जांबोटी_रोड · सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. फाउंड्रीवाल्यांच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचं तापमान नोंदवणारे डबे आम्ही बनवतो. डब्यात एक रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक), एसपीआय या जोडणीवर थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) चिप आणि पुढे सात इंची स्क्रीन, त्यावर आलेख. थर्मोकपल के टाइपचं, भट्टी नऊशे अंशांच्या आसपास चालते. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, जे काही येतं ते खानापूरच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर वाचून आलेलं, त्यामुळे कुठे मुळातच चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

ड्रायव्हर मी लिहिलाय. आत एक कर्नल थ्रेड दर पाव सेकंदाला चिप वाचतो आणि ६४ रीडिंगच्या ॲरेमध्ये टाकतो. ॲरेवर म्यूटेक्स आहे, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. वरचं ॲप आयऑक्टल (ड्रायव्हरला हाक मारायचा सिस्टीम कॉल) करतं आणि एका स्ट्रक्टचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतं. त्या स्ट्रक्टमध्ये तीन गोष्टी: कुठलं चॅनेल, किती रीडिंग हवीत, आणि ती कुठे ठेवायची त्या बफरचा पॉइंटर. मी आर्ग्युमेंट सरळ स्ट्रक्ट पॉइंटरला कास्ट करतो, काउंट ६४ पेक्षा जास्त नाही ना ते बघतो, आणि मेमकॉपीने ॲपच्या बफरमध्ये रीडिंग टाकतो. बस, एवढंच आहे.

पाय ४ वर हे आठ महिने चाललं. आता नवे डबे पाय ५ वर करायचेत. तीच एसडी कार्डाची इमेज, तोच सोर्स, कर्नलसाठी फक्त परत बांधला. पहिल्या आयऑक्टललाच ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतच बिघाड, आणि ॲप मेलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, ओळ आहे ती अशी: अनेबल टू हँडल कर्नल ॲक्सेस टू यूझर मेमरी आउटसाइड यूॲक्सेस रूटीन्स. खाली पत्ता, तो ॲपच्याच स्टॅकमधला दिसतो. म्हणजे पॉइंटर चुकीचा नाही. मग मेमरी आहे, पत्ता बरोबर आहे, तर कर्नलला वाचता का येऊ नये? कर्नलला तर सगळंच दिसतं ना?

अजून एक सांगून ठेवतो, संबंध आहे की नाही कळत नाही. जुन्या डब्यांपैकी एक तीनदा अडकला होता. आलेख जागच्या जागी थांबायचा, ॲप बंद करून परत चालू केलं तरी तेही अडकायचं, शेवटी स्विच बंद करून चालू करावा लागायचा. तेव्हा आम्ही लाइट वरखाली होते म्हणून सोडून दिलं.

गुरुवारी डबा द्यायचाय.

चिकोडी_६४ · सोमवार, रात्री ११.५२

यूझरकडून, म्हणजे ॲपकडून, आलेला पॉइंटर वापरण्याआधी ॲक्सेस_ओके लावावं लागतं. ते खरं आलं तर पत्ता ठीक आहे, मग मेमकॉपी करा. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला असंच केलं होतं, व्यवस्थित चाललं. जुन्या पुस्तकांत त्याला आधी व्हेरिफाय_रीड किंवा व्हेरिफाय_राइट असा एक जादा आर्ग्युमेंट दिसेल, तो आता नाही, ५.० मध्ये काढला. बाकी सारखंच.

निपाणी_कट्टा · मंगळवार, सकाळी ६.४०

चिकोडी_६४, आर्ग्युमेंट काढल्याचं तुमचं बरोबर आहे. पण ॲक्सेस_ओके लावून मेमकॉपी केली तर हा डबा गुरुवारीसुद्धा असाच मरेल, आणि ज्या दिवशी मरणार नाही तो दिवस जास्त वाईट असेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बारा वर्षं राउटरच्या कर्नलवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमधल्या याच चुका शोधण्यात गेली. आता निपाणीतूनच काम करते.

ॲक्सेस_ओके फक्त एक गोष्ट बघतं: दिलेला पत्ता आणि त्यापुढची लांबी यूझरच्या हद्दीत बसते का. तिथे खरोखर पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) आहे का, ते वाचता येतं का, त्यावर लिहिता येतं का, यातलं काहीही ते बघत नाही. हद्दीचा नकाशा बघून कुणी 'हा सर्व्हे नंबर खानापूर तालुक्यात येतो' असं सांगितलं, तर त्या जागेवर घर आहे का आणि दाराला कुलूप आहे का हे त्यातून कळत नाही. आणि समजा आत्ता पान जागेवर आहे. ॲपचा दुसरा थ्रेड पुढच्या क्षणी ते अनमॅप करू शकतो. तुझी तपासणी आणि तुझी मेमकॉपी यांच्यामध्ये जग थांबून राहत नाही.

तरी ॲक्सेस_ओके कामाचं नाही असं समजू नकोस. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ च्या वेटआयडी सिस्टीम कॉलमधून ही एक तपासणी सुटली होती. तेवढ्यावर साध्या यूझरला कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यावर लिहून घेता येत होतं. तपासणी लागतेच. यूझरकडून आणि यूझरकडे कॉपी करायला नेमलेली कॉपी_फ्रॉम_यूझर आणि कॉपी_टू_यूझर ही फंक्शनं आहेत, ती त्यांच्या आतच असते, तुला वेगळी लावायची गरज नाही.

आता तुझा खरा प्रश्न, कर्नलला सगळं दिसतं तर वाचता का येऊ नये. पाय ४ चा प्रोसेसर कॉर्टेक्स ए७२. तो आर्म व्ही ८.० पिढीचा. पाय ५ चा कॉर्टेक्स ए७६, तो व्ही ८.२ चा. व्ही ८.१ मध्ये आर्मने पॅन नावाची सोय आणली, प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस नेव्हर. कर्नलमध्ये शिरताना एक बिट लागतो आणि तेव्हापासून यूझरच्या पानाला कर्नलच्या नेहमीच्या सूचनेने हात लावला की प्रोसेसर स्वतःच अडवतो. मुद्दाम अडवतो. कर्नलला चुकून किंवा कुणाच्या डावाने यूझरच्या ताब्यातली मेमरी स्वतःची समजून वापरता येऊ नये म्हणून. इंटेलवर हेच २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीपासून आहे, त्याला स्मॅप म्हणतात. तिथे एसटीएसी नावाची सूचना दार उघडते आणि सीएलएसी लावून घेते, आणि दार फक्त कॉपीच्या फंक्शनच्या आतच उघडं असतं. ६४ बिट आर्मवर कॉपीची फंक्शनं एलडीटीआर, एसटीटीआर या सूचना वापरतात. त्या कर्नलमधून चालल्या तरी परवानगी मात्र यूझरची धरून चालतात. म्हणजे यूझरला जे वाचायला मिळालं नसतं ते त्याच्या वतीने कर्नललाही मिळत नाही.

म्हणून तुझ्या डीमेसेजमधली ओळ शब्दशः खरी आहे. तू यूझरच्या मेमरीला त्यासाठी नेमलेल्या फंक्शनांच्या बाहेरून हात लावलास. पाय ४ ला हे कळण्याची सोय हार्डवेअरमध्ये नव्हती. कर्नलमध्ये त्याची सॉफ्टवेअरने नक्कल करायचा पर्याय आहे, तो तुमच्या कर्नलला लावलेला नसणार.

यापेक्षाही महत्त्वाचं, आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारं काम एक्सेप्शन टेबलचं आहे. कॉपी_टू_यूझरच्या आत ज्या-ज्या सूचना यूझरच्या पत्त्याला हात लावतात, त्यांचे पत्ते कर्नल बांधतानाच एका टेबलात लिहून ठेवलेले असतात, आणि प्रत्येकासमोर दुसरा पत्ता: इथे फॉल्ट झाला तर तिकडे जा. पान जागेवर नसेल तर पेज फॉल्ट होतो, कर्नल पान आणून देतो, सूचना परत चालते, कॉपी पुढे जाते. पान मुळातच नसेल तर फॉल्ट हँडलर या टेबलात शोधतो, नोंद सापडली की त्या दुसऱ्या पत्त्यावर उडी मारतो, आणि कॉपी_टू_यूझर इतके बाइट राहिले असं सांगून शांतपणे परत येतं. मेमकॉपीच्या सूचना त्या टेबलात नाहीत. तिथे फॉल्ट झाला तर हँडलरला वाटतं कर्नलच बिघडला, आणि ऊप्स. लिनक्सच्या अगदी जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक वेळी व्हेरिफाय_एरिया म्हणून आधी प्रोसेसच्या मेमरीचे सगळे भाग चाळून पत्ता तपासायचे. २.१ च्या काळात ते सोडून दिलं आणि तपासणी एमएमयूवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या पत्ते सांभाळणाऱ्या भागावर, सोपवली. बहुतेक वेळा पत्ता बरोबरच असतो, मग प्रत्येक वेळी चाळत कशाला बसायचं?

आता तुझा तीनदा अडकलेला डबा. तुझं ॲप फोर्क करतं का, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढतं का? रिपोर्ट छापायला, पेन ड्राइव्हवर फाइल टाकायला, कशालाही? फोर्क झाल्यावर आई आणि पोर दोघांची पानं तात्पुरती फक्त वाचण्यापुरती होतात, पहिला जो लिहील त्याला नवी प्रत मिळते. तेवढ्या अवधीत तुझ्या मेमकॉपीने त्या बफरमध्ये लिहिलं तर परमिशन फॉल्ट येतो, आणि तो नेमलेल्या फंक्शनातून आलेला नाही म्हणून पाय ४ वरसुद्धा कर्नल ॲपला मारतो. मरताना म्यूटेक्स तुझ्या हातातच होता. तो सोडणारं कुणी उरलं नाही. म्हणून नवं ॲपही अडकलं, आणि स्विचशिवाय इलाज राहिला नाही. हा माझा अंदाज आहे, पण जुन्या कार्डातलं जर्नल, म्हणजे साठवलेल्या नोंदी, बघ.

शेवटची गोष्ट, ही आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. तू काउंट यूझरच्या मेमरीतून वाचून ६४ शी तुलना करतोस, आणि मेमकॉपीच्या वेळी तोच काउंट त्याच जागेतून परत वाचतोस. उसाची ट्रॉली काट्यावर चढली, वजन बघितलं, ट्रॉली खाली उतरली, अर्धा तास रस्त्यावर उभी राहिली, आणि पावती फाडताना आकडा परत ट्रॉलीवाल्यालाच विचारला, असं हे झालं. ॲपच्या दुसऱ्या थ्रेडने मधल्या वेळात १० चे ६०,००० केले तर तू तुझ्या ॲरेच्या पलीकडची कर्नलची मेमरी त्याच्या हातात देशील. याला डबल फेच म्हणतात. आख्खं स्ट्रक्ट एकदाच कॉपी_फ्रॉम_यूझरने तुझ्या स्वतःच्या स्टॅकवर आण. तपासणी त्या प्रतीची कर, वापरही त्याच प्रतीचा कर. यूझरच्या मूळ स्ट्रक्टकडे परत वळून बघायचं नाही.

आणि दोन्ही पॉइंटरना, आर्ग्युमेंट आणि आतला बफर, अंडरस्कोर-अंडरस्कोर-यूझर ही खूण लाव. नंतर मेक सी=२ देऊन स्पार्स हे सोर्स तपासणारं साधन चालव. जिथे-जिथे तू थेट हात लावलास तिथे ते ओरडेल. चाचणीच्या कर्नलमध्ये डीबग ॲटॉमिक स्लीप चालू कर, नको तिथे झोपणारा कोड ते दाखवतं. डब्यातल्या डिव्हाइस फाइलला ६६६ (कुणीही वाचावं, कुणीही लिहावं अशी) परवानगी दिली असशील तर आजच काढ, कारण आत्ताच्या स्थितीत त्या फाइलपर्यंत पोचणारा कुणीही कर्नलच्या मेमरीत लिहू शकतो.

जांबोटी_रोड · मंगळवार, रात्री १०.०५

अक्का, दंडवत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जुन्या डब्याचं कार्ड काढून जर्नल बघितलं. तिन्ही वेळा तीच ओळ आहे, पाय ४ वर. एक ३ वाजून २ मिनिटांची, एक परत ३ वाजताची, एक रात्री ११ ची. त्या फाउंड्रीत शिफ्ट ३ ला आणि ११ ला बदलते आणि शिफ्ट बदलली की ॲप फोर्क करून रिपोर्ट छापतं. वाचणारा थ्रेड वेगळा आहे, तो बफर शून्य करून लगेच आयऑक्टल करतो. त्या दोघांच्या बरोबर मध्ये फोर्क आला असणार. आठ महिन्यांत तीनदा. आणि आम्ही स्टॅबिलायझर बदलला होता. फाइल ६६६ होती, काढली.

ड्रायव्हर परत लिहिला. स्ट्रक्ट एकदाच आणतो. स्पार्सने नऊ ठिकाणं दाखवली, मला चारच वाटत होती.

तीन अडचणी आहेत.

एक, कॉपी_फ्रॉम_यूझरचा रिझल्ट शून्यापेक्षा लहान आला तर एरर असं लिहिलंय. मुद्दाम नल पॉइंटर दिला तरी एरर येत नाही, पुढे जाऊन चॅनेल शून्याचं रीडिंग देतो.

दोन, स्पिनलॉक (वाट बघताना न झोपता फिरत राहणारं कुलूप) वेगवान असतं असं वाचलं म्हणून म्यूटेक्सच्या जागी स्पिनलॉक घातलं. आता डीमेसेजमध्ये स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट असं येतं, बोट कॉपी_टू_यूझरकडे दाखवतं. पण रीडिंग बरोबर येतायत.

तीन, हा प्रश्न कमी, विचार जास्त आहे. ॲपने दर पाव सेकंदाला आयऑक्टल करण्यापेक्षा सुरुवातीला एकदाच बफरचा पॉइंटर द्यावा, मी तो ड्रायव्हरमध्ये जपून ठेवावा, आणि कर्नल थ्रेडनेच रीडिंग आलं की थेट तिथे कॉपी_टू_यूझर करावं. सिस्टीम कॉल वाचतील. चालेल का?

टिळकवाडी_लॅब · मंगळवार, रात्री १०.४०

इथल्याच एका कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. तिसऱ्या प्रश्नाआधी एक गोष्ट बघून घ्या, मुलांना शिकवताना तिचा मला फार उपयोग होतो. एक्सव्ही ६ नावाची शिकवण्यासाठी केलेली छोटी प्रणाली आहे, आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. तिच्यात कर्नलचं पेज टेबल (पत्त्यावरून खरी जागा सांगणारा नकाशा) पूर्ण वेगळं असतं, यूझरची पानं त्यात नसतातच. त्यामुळे तिथे यूझरचा पत्ता थेट वापरायचा मोहच होत नाही, कारण कर्नलसाठी त्या आकड्याला तो अर्थच नाही. कॉपीइन नावाचं फंक्शन त्या प्रोसेसचं पेज टेबल हाताने उतरत जातं, एकेका पानाचा खरा पत्ता काढतं, यूझरचा बिट लागलाय का बघतं आणि मग पानापानाने कॉपी करतं. हळू आहे, पण डोळ्यांना दिसतं. लिनक्समध्ये कर्नल चालू असताना चालू प्रोसेसची पानं त्याच नकाशात राहतात, म्हणून तोच आकडा बरोबर वाटतो.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आधी कॉपीइन कागदावर लिहायला लावतो. पत्ता म्हणजे जागा नव्हे, तो कुठल्या तरी एका पेज टेबलातला आकडा आहे, हे त्या कागदावर एकदा उमटलं की पुढचं आपोआप कळतं. तुम्हीही एकदा लिहून बघा, दोन तास लागतील.

निपाणी_कट्टा · बुधवार, सकाळी ६.१५

जर्नल बघितलंस हे फार बरं केलंस. त्या स्टॅबिलायझरचं वाईट वाटून घेऊ नकोस, ही चूक तशीच दिसते.

पहिली अडचण. कॉपी_फ्रॉम_यूझर एररचा नंबर देत नाही. किती बाइट कॉपी व्हायचे राहिले तो आकडा देतं. सगळं झालं तर ०. काहीच झालं नाही तर तू मागितलेले सगळेच्या सगळे, तुझ्या बाबतीत १६. तो कधीच उणे नसतो, म्हणून तुझी अट कधीच खरी होणार नाही. शून्य नसेल तर तू स्वतः उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर) परत द्यायचं, म्हणजे उणे १४. आणि चॅनेल शून्यच का आलं तेही बघ: कॉपी अर्धी राहिली तर उरलेली जागा फंक्शन शून्याने भरतं, स्टॅकवरचा जुना कचरा वापरला जाऊ नये म्हणून. तुझं स्ट्रक्ट पूर्ण शून्य झालं, शून्य हे चॅनेल खरंच आहे, आणि तू बिनधास्त पुढे गेलास. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीचं कॉपीइन मात्र सरळ एररचा नंबरच देतं, तिकडून आलेली माणसंही इथे हमखास अडखळतात. तो आकडा तसाच परत करू नकोस. रीडच्या फंक्शनमधून १६ परत गेले तर ॲपला वाटेल १६ बाइट वाचून झाले.

दुसरी. कॉपी_टू_यूझर झोपू शकतं. पान जागेवर नसेल तर ते आणावं लागतं, फोर्कनंतरची प्रत करायची असेल तर मेमरी मागावी लागते, कधी डिस्कपर्यंत जावं लागतं. स्पिनलॉक धरून झोपायचं नाही, हा नियम. रीडिंग बरोबर येतायत कारण आत्ता पानं जागेवर आहेत. एखाद्या दिवशी नसतील, तेव्हा कर्नलच्या बांधणीप्रमाणे एकतर बरोबर पत्त्यावरही ईफॉल्ट मिळेल किंवा लॉक धरूनच थ्रेड झोपेल आणि बाकीचे कोअर त्यासाठी गोल-गोल फिरत बसतील. म्यूटेक्स बरोबर होता, तोच परत घाल. पाव सेकंदाच्या कामात स्पिनलॉकने तुला काहीही मिळणार नाही. पण म्यूटेक्स असला तरी मी अशी करीन: लॉक घ्यायचं, हवी तेवढी रीडिंग स्वतःच्या छोट्या ॲरेमध्ये उतरवायची, लॉक सोडायचं, मग त्या ॲरेमधून कॉपी_टू_यूझर. ६४ रीडिंग, आठ-आठ बाइटची, ५१२ बाइट होतात. एवढं स्टॅकवर चालतं. मग ॲपचं काहीही होऊ दे, लॉक कुणाच्या हातात अडकून राहणार नाही.

आठ बाइट म्हटलं त्यावरून आठवलं. तुझ्या रीडिंगमध्ये चॅनेल एक बाइटचं आणि तापमान चार बाइटचं असणार. मग त्या दोघांच्या मध्ये कंपायलर तीन बाइटची पोकळी सोडतो. तिथे तू काही लिहीत नाहीस, म्हणजे कर्नलच्या स्टॅकवर आधी जे होतं ते तिथे राहतं, आणि प्रत्येक रीडिंगबरोबर ते तीन बाइट ॲपच्या हातात जातात. ६४ रीडिंगला १९२ बाइट. त्यात कर्नलचा एखादा पत्ता असू शकतो, आणि हल्ला करणाऱ्याला तेवढाच हवा असतो. ॲरे आधी मेमसेटने शून्य कर, किंवा ती तीन बाइटची जागा नाव देऊन स्ट्रक्टमध्ये घे आणि शून्य भर. पाहोल नावाचं साधन ही पोकळी दाखवतं, एकदा चालवून बघ. आतल्या बफरचा पॉइंटरही पॉइंटर म्हणून न ठेवता ६४ बिटांचा आकडा म्हणून ठेव. पाय ४ वर ३२ बिट ॲप आणि ६४ बिट कर्नल अशी जोडी सर्रास असते, तिथे पॉइंटरची लांबी बदलली की आख्ख्या स्ट्रक्टची मोजणी सरकते.

तिसरी गोष्ट चालणार नाही, आणि का चालणार नाही ते टिळकवाडीच्या सरांनी जवळजवळ सांगूनच टाकलंय. तो आकडा ज्या प्रोसेसच्या पेज टेबलातला आहे ती प्रोसेस चालू असेल तेव्हाच त्याला अर्थ. आयऑक्टल चालू असताना कर्नल ॲपच्याच वतीने काम करत असतो, म्हणून तिथे तो बरोबर असतो. तुझा कर्नल थ्रेड कुणाच्याच वतीने चालत नाही. त्याला स्वतःचा यूझर नकाशाच नसतो, त्या कोअरवर आधी जे चालू होतं त्याचा नकाशा उसना घेऊन तो काम करतो. आधी तुझं ॲप होतं तर तिथे जाईल, ब्राउझर होता तर ब्राउझरच्या मेमरीत त्याच आकड्यावर लिहिलं जाईल. आणि ॲप मधेच मेलं तर तू जपून ठेवलेला पॉइंटर कुणाचाच नाही. पानं पिन करून (जागेवर खिळवून) हे करता येतं, पिन_यूझर_पेजेस त्यासाठीच आहे, पण पाव सेकंदाला आठ बाइटसाठी तेवढा व्याप कशाला?

तू असं कर. थ्रेडने रीडिंग कर्नलच्या स्वतःच्या केफिफोमध्ये, म्हणजे रांगेत, टाकायचं आणि वेट क्यूला, म्हणजे वाट बघत झोपलेल्यांना, जागं करायचं. ॲपने साधं रीड करायचं, रीडिंग नसेल तर झोपायचं. रीडच्या आत केफिफो_टू_यूझर. एका वेळी साचलेली सगळी रीडिंग एकत्र जातील, म्हणजे सिस्टीम कॉल तसेही वाचले. नव्या डब्यांत हेच ठेव. गुरुवारच्या डब्याला मात्र आयऑक्टलच राहू दे, एका रात्रीत दोन बदल नकोत.

आणखी एक विचारते. तुझी चिप मॅक्स ३१८५५ असेल तर तिचा ड्रायव्हर आयआयओमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेन्सरच्या ड्रायव्हरांच्या भागात, आधीपासून आहे. तुझा शिकण्याचा आनंद मला काढून घ्यायचा नाही, पण ग्राहकाच्या भट्टीवर चालणारं जितकं आपण कमी लिहू तितकं बरं. निदान बघून ठेव.

चिकोडी_६४ · बुधवार, दुपारी १.३०

माझ्या प्रोजेक्टचा सोर्स काढून बघितला. ॲक्सेस_ओके आणि खाली मेमकॉपी, अगदी तसंच. जुना लॅपटॉप होता, तिसऱ्या पिढीचा आय ३, स्मॅप नव्हताच. तो कोड पुढच्या दोन बॅचनी माझ्याकडून घेतला होता. आज ग्रुपवर दुरुस्ती टाकली. धन्यवाद, निपाणी_कट्टा.

जांबोटी_रोड · गुरुवार, पहाटे १.५०

अक्का, सर, झालं.

चिप तीच आहे, ३१८५५. आयआयओचा ड्रायव्हर पुढच्या डब्यांना लावून बघतो, मालकांशी बोललो. या डब्याला माझाच, पण तुम्ही सांगितलं तसा: एकदाच आणायचं, लॉकच्या आत उतरवायचं, बाहेर कॉपी करायची. पाहोलने ती तीन बाइटची पोकळी दाखवली, तिला नाव देऊन शून्य केली. कॉपीइन कागदावर लिहिलं, दोन नाही, तीन तास लागले.

मग छळण्यासाठी एक वेगळं ॲप लिहिलं. नल पॉइंटर दिला, उणे १४. कर्नलच्या हद्दीतला पत्ता दिला, उणे १४. बफर अनमॅप करून त्याचा पत्ता दिला, उणे १४. मग शेजारशेजारची दोन पानं घेतली, दुसऱ्याची सगळी परवानगी काढली, आणि बफर असा ठेवला की पहिली ३२ रीडिंग पहिल्या पानात आणि उरलेली दुसऱ्यात. उणे १४ आलं, आणि पहिल्या पानात बघितलं तर ३२ रीडिंग जागेवर लिहिलेली होती, अगदी काठापर्यंत. एक थ्रेड काउंट १० आणि ६०,००० असा उलटसुलट करत राहिला आणि दुसरा आयऑक्टल, हे दीड तास चालवलं. शेवटी एका थ्रेडमध्ये फोर्क सारखा चालू ठेवला आणि दुसऱ्यात वाचन, पाय ४ आणि पाय ५ दोन्हीवर. पाय ४ वर जुन्या ड्रायव्हरने हीच चाचणी काही सेकंदांत ॲप मारलं. नव्याने दोन्हीवर अजून चालू आहे.

डीमेसेज रिकामं आहे. डबा सकाळी ८ ला न्यायला येणार आहेत, तोवर चाचणी बंद करत नाही.